राजगड, पार्किंगचा उत्तर कोपरा: कामाच्या नोंदी

5 ऑक्टोबर 2025, रविवार

साइट: आमच्या इमारतीचं पार्किंग, कंपाउंडच्या भिंतीला लागून सहा बाय चार फूट जागा. मजूर: मी. मुकादम: लेक, वय आठ, इयत्ता तिसरी.

बांधकामाच्या साइटवर रोजची डायरी लिहायची सवय आहे, म्हणून हीही लिहितो.

दसरा झाला की दिवाळीपर्यंतचे रविवार मोजून येतात आणि आमच्याकडे त्यांची वाटणी ठरलेली असते. माळा, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, गॅलरीच्या ग्रिलला रंग हे माझं. फराळ बायको आणि आईचा. आज माळ्याची पाळी होती. शिडी लावली, तेवढ्यात लेक खाली उभी. "बाबा, किल्ला?" मी म्हणालो, कामं आटपली की. तर म्हणे, "कामं कधी आटपतात ते तारीख सांग." साइटवर मी कंत्राटदाराला हाच प्रश्न ह्याच आवाजात विचारतो.

शिडी परत मिटली. बायकोनं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. ती बाहेर येऊन म्हणाली, "ठेव की बाजूला. पण बाजूला म्हणजे बाजूला. माझ्याकडे सरकवायचं नाही. किल्ला तुमचा आणि चिखलाची पावलं पुसणार मी, असं असेल तर माळाच काढ."

रास्त अट आहे. म्हणून डायरीत दोन रकाने आखले: 'ठेवलं' आणि 'सरकवलं'. दुसरा कोरा राहिला पाहिजे. पहिल्यात आजच दोन नोंदी झाल्या: माळा आणि ग्रिलचा रंग. आईचं मत: "माळ्यावर कोण चढून बघणारे? लक्ष्मी दारातून येते."

6 ऑक्टोबर, सोमवार, कोजागरी

गच्चीवर मसाला दूध आणि नकाशा. कोणता किल्ला करायचा यावर चर्चा. जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत आपले किल्ले गेले तेव्हा शाळेत तक्ता केला होता, त्यामुळे बाराही नावं तिला पाठ आहेत: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतली जिंजी. जिंजीवर नेहमी अडखळते आणि मग स्वतःच हसते.

तिला सिंधुदुर्ग हवा होता, कारण सभोवती पाणी. मी म्हणालो पार्किंगमध्ये समुद्र केला तर सेक्रेटरीकाका स्कूटर कुठे लावणार. "होडीत," असं उत्तर मिळालं. शेवटी राजगड ठरला, तो इतिहासामुळे नाही, भोकामुळे. सुवेळा माचीवर कातळात आरपार नेढं आहे. थंडीत गडावर गेलो होतो तेव्हा त्यात बसून तिनं पेरू खाल्ला होता. "बाबा, भोक आपण खरं करायचं. रंगवायचं नाही."

नकाशा वहीच्या मधल्या जोडपानावर. मध्ये बालेकिल्ला, त्याला तीन माच्या: पद्मावती, सुवेळा, संजीवनी. तिनं पद्मावती सगळ्यात रुंद काढली. ती खरंच तशी आहे, हे तिच्या पायांना आठवत असावं. पळून दमली होती ती तिथेच.

8 ऑक्टोबर, बुधवार

सहामाही परीक्षा चालू. काम बंद. फक्त माती बोलून ठेवली.

11 ऑक्टोबर, शनिवार

साहित्य आलं. लाल माती चार पोती (नर्सरीतून), साइटवरच्या फुटक्या विटा, रंगाचे दोन रिकामे डबे, गोणपाट, पाइपचा एक तुकडा. काळी माती मुद्दाम घेतली नाही. वाळताना ती आकसते आणि भेगा पडतात. चौथ्या दिवशी गडाचे तुकडे होतात. लाल माती चाळून, थोडी बारीक वाळू घालून मळली की तडा कमी जातो. हे मुकादमांना सांगितलं, तर त्यांनी दोन्हीचा एकेक गोळा करून जिन्यात वाळत ठेवला. "बघूया खरंय का." शंका घेणारा मुकादम मिळायला भाग्य लागतं.

सकाळभर फक्त चाळण. मला वाटलं होतं हा भाग तिला कंटाळवाणा होईल, मी पटकन उरकावा. मी चाळतोय, ती उरलेले खडे निवडतेय. खडे तिनं जातवार लावले: तोफेचे गोळे, बुरुजाचे दगड, आणि "नुसते छान". नुसते छान हा ढीग सर्वांत मोठा झाला. मी घड्याळ बघत होतो, कारण अकराला पंखे पुसायचे होते. मग तिनं चाळण माझ्या हातातून घेतली, डोक्यावर धरली आणि माती स्वतःवरच चाळली. भुवया लाल, केस लाल, दात पांढरे. मी ओरडणार होतो, पण हसू आधी आलं. मग माझ्याही डोक्यावर चाळली.

पंखे: 'ठेवलं'. दोघांनी आंघोळ पार्किंगच्या नळावर केली. न्हाणीघर आम्हीच धुतलं, टॉवेल आम्हीच पिळले. 'सरकवलं' कोरा.

(एक गोष्ट लिहून ठेवतो. साइटवर काम पुढे ढकललं की खर्च वाढतो. पंख्यावरची धूळ आठवड्याने जाड होते, पण खर्च वाढत नाही. घरातली किती कामं या जातीची आहेत ते एकदा बसून बघायला पाहिजे.)

12 ऑक्टोबर, रविवार

आज मुख्य बांधकाम. सविस्तर लिहितो.

मध्ये रंगाचे डबे उपडे, भोवती विटा, तिरक्या लावून. त्यावर पातळ चिखलात बुडवलेलं गोणपाट पांघरलं. गोणपाट बुडवायचं म्हणजे कोपरापर्यंत हात आत. त्यामुळे इमारतीतली आणखी तीन मुलं आपोआप कामाला लागली. त्यांना बोलवावं लागलं नाही. गोणपाटाच्या घड्या पडतात त्याच दऱ्या आणि सोंडा. ओढून सारख्या करायच्या नाहीत. सह्याद्री इस्त्री केलेला नाही.

बालेकिल्ला उंच ठेवला. तिथे चढायची वाट खऱ्या गडावर छातीवर येते, रेलिंग धरून चढावं लागतं. आइस्क्रीमच्या काडीनं पायऱ्या कोरल्या. लेकीनं मध्येच एक पायरी मोडकी ठेवली, कारण तिथे तिचा पाय घसरला होता.

संजीवनी माचीला जास्त वेळ गेला. तिची तटबंदी दुहेरी आहे. बाहेरचा तट फोडून शत्रू आत आलाच, तरी दोन तटांच्या मधल्या अरुंद बोळात अडकतो आणि वरून मारा होतो. एका पोरानं विचारलं, मग आपले लोक कसे बाहेर येणार? दोन तटांमध्ये बोट घालून आम्ही सगळ्यांनी ते तपासलं. लेकीचं बोट गेलं, माझं अडकलं. त्यावरून मी शत्रू ठरलो आणि माझ्यावर "नुसते छान" खड्यांचा मारा झाला.

नेढं: पाइपचा तुकडा आडवा घालून वर माती लिंपली. वाळल्यावर पाइप फिरवून काढायचा. सुवेळेवर सध्या पाइप दिसतो आहे, त्यामुळे माची ड्रेनेजच्या कामासारखी दिसते. माझ्या धंद्याचा गुण.

इतिहासाचा तास मी घेणार नव्हतो, पण हात चिखलात असले की मुलं ऐकतात. पुरंदरच्या तहात, 1665 साली, महाराजांनी तेवीस किल्ले दिले आणि बारा ठेवले, त्या बारांत राजगड होता. लगेच बेरीज झाली, पस्तीस. आग्र्याहून सुटल्यावर 1666 मध्ये महाराज इथेच परतले, राजाराम महाराजांचा जन्म इथलाच, 1670 चा. सईबाईंची समाधी पद्मावती माचीवर आहे, हे सांगितल्यावर लेक थोडी थांबली. "त्यांचं बाळ केवढं होतं तेव्हा?" संभाजीराजे दोन वर्षांचे होते. तिनं समाधीच्या जागी सर्वांत गुळगुळीत दगड लावला. कुणी काही सांगितलं नव्हतं.

पद्मावती तळ्यासाठी ताटली हवी होती. वरून आणली. संध्याकाळी बायको झाकण शोधत होती. ते पोह्यांच्या डब्याचं निघालं आणि डबा दिवसभर उघडा, पोहे सादळलेले. चिवडा व्हायचा होता त्यांचा. 'सरकवलं' रकान्यात पहिली नोंद तिनं स्वतःच्या अक्षरात केली: "पोहे पुन्हा उन्हात घालणे." ते उद्या सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी घालायचे असं ठरल्यावर तिनं नोंद खोडली. पेन मात्र परत दिलं नाही.

13 ऑक्टोबर, सोमवार

पोहे घातले. साइटवरून यायला उशीर. मोबाइलच्या उजेडात दहा मिनिटं पाहणी. जिन्यातला काळ्या मातीचा गोळा उभा चिरला आहे, लाल शाबूत. मुकादमांनी मान हलवली. पाइप निघाला, नेढं टिकलं. त्यातून तिनं एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी पलीकडून. बराच वेळ झाला तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही. वरून जेवायला हाक.

14 ऑक्टोबर, मंगळवार

पेरणी. अळीव, थोडी मोहरी, पायथ्याला नाचणी. अळिवाला भिजवलं की बुळबुळीत चीक सुटतो, त्यामुळे दाणे उतारावर चिकटून राहतात. कोरडे टाकले की सगळे दरीत. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, वसुबारसेला हिरवा पडदा नाही मिळणार, पण लक्ष्मीपूजनाला नक्की.

अळीव आईनं लाडवांसाठी आणलेले होते. तिची तक्रार: "लाडवाचे दाणे गडावर कुठे उधळताय?" मग लेक तिला हाताला धरून खाली घेऊन आली. आई जिना टाळते, गुडघ्यांमुळे. आज उतरली. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तिनं दाणे कसे फेकायचे ते दाखवलं, चिमटीने, मनगट सैल सोडून. ती साताऱ्याकडची, तिच्या लहानपणी वाड्याच्या अंगणात किल्ला व्हायचा आणि राख कालवून कडे रंगवत. "आणि कामं, आजी?" आई म्हणाली, "कामं बायका करत. किल्ला पोरं करत. मुलींनी चित्रं मांडायची फक्त." मग जरा वेळानं: "मला चिखल करायचा असायचा."

बादली तिच्या खुर्चीजवळ सरकवली. (हे सरकवणं रकान्यात धरत नाही.) पायथ्याच्या गावाची सगळी घरं आईनं केली आहेत, चहा विसरून.

15 ऑक्टोबर, बुधवार

नुकसान. पहाटे गच्चीवरची टाकी भरून वाहिली. ओव्हरफ्लोचा पाइप नेमका संजीवनीवर. बाहेरचा तट आणि अर्धा चिलखती बुरूज वाहून गेला, अळीव पार गटाराच्या जाळीपर्यंत.

मी दुरुस्तीचा विचार करत होतो, म्हणजे किती वेळ लागेल, आज पडदे काढायचे ते कधी. ती शाळेच्या गणवेशात उकिडवी बसून बघत होती. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "बाबा, नदी कशी झाली बघ. आपण केली असती तर अशी नसती झाली." पाण्यानं मातीत खरंच नागमोडी घळ कापली होती, खाली बारीक वाळूचा पंखा पसरलेला. साइटवर असा ओघळ दिसला की मी पंपवाल्याला शोधतो. तिनं बूट काढले, घळीत बोट घालून उगमापासून गटारापर्यंत प्रवास केला, आवाजासकट.

घळ ठेवायची, तट मागे घ्यायचा, असं ठरलं. नदीचं नाव गुंजवणी. ती राजगडच्या पायथ्याची खरीच नदी आहे. पडदे: 'ठेवलं'. शाळेची बस थोडक्यात सापडली.

16 ऑक्टोबर, गुरुवार

साइटवरचे बिहार-यूपीकडचे कामगार दिवाळी आणि छठसाठी गावी निघालेत, काम ढिलं आहे. अर्धी रजा टाकली आणि कसब्यातल्या कुंभारवाड्यात चित्रं आणायला गेलो. लेकीनं यादी केली होती: महाराज सिंहासनावर, मावळे, तोफ, गवळण, वाघ. प्रत्यक्षात आणलं ते: महाराज, मावळे, एक डोकं उडालेला मावळा (फुकट), दळण दळणारी बाई आणि ताक घुसळणारी बाई. डोकं नसलेला का, तर "त्याला कुणी घेणार नाही म्हणून." ताकवाली यादीत नव्हती, पण राजगडावर आम्ही ताक प्यायलो होतो, म्हणून ती हवीच. दळणारीकडे बघून म्हणाली, "बाबा, ही कधी बाजूला ठेवणार?"

याचं उत्तर मी दिलं नाही. गर्दीत तिचा हात धरायचा होता.

18 ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

मांडणी पूर्ण. अळीव वीतभर नाही, पण बोटभर हिरवा. संजीवनीच्या तटावर पिवळा जेसीबी उभा आहे. मी म्हणालो, अगं, राजगडावर जेसीबी नव्हता. "युनेस्कोनं दुरुस्ती सांगितलीय." जेसीबी राहिला. गाय हत्तीपेक्षा मोठी आहे, त्याबद्दल मुकादम म्हणतात की ती जवळ उभी आहे. बिनडोक्याचा मावळा बालेकिल्ल्यावर झोपवला आहे, "बरा होतोय." दळणाऱ्या बाईचं जातं बाजूला काढून ठेवलंय आणि तिला नेढ्यात बसवलंय, गुडघे दुमडून, कारण मूर्ती मुळात तशीच आहे. तिथून तिला तळं दिसतं.

19 ऑक्टोबर, रविवार

ही नोंद किल्ल्याची नाही, पण डायरीत हवी.

सकाळी हिशोब काढला. 'ठेवलं' रकाना लांबलचक. 'सरकवलं' कोरा. मी खूश होऊन बायकोला दाखवला. तिनं वाचला आणि म्हणाली, "बरोबर आहे. तू काहीच सरकवलं नाहीस. पण तुझी कामं ठेवण्यासारखी आहेत. पंखा राहिला तरी चालतो. कणीक राहून चालत नाही." बँकेतून आल्यावर रोज तिचं स्वयंपाकघर चालूच होतं, वर फराळ. ती किल्ला बघायला खाली आली ती जाता-येता, पर्स खांद्यावर असताना.

ठेवता येणारी कामं एकाकडे आणि न ठेवता येणारी दुसऱ्याकडे, अशी वाटणी असेल तर रकाने कितीही आखा, पोरीबरोबर चिखलात बसायला मिळतं ते एकालाच. हे हिशोबात दिसत नव्हतं, कारण रकाने मी माझ्याच कामांचे आखले होते.

वाटणी बदलली, निदान आजपुरती. चकल्या आणि अनारसे बचत गटाच्या बायकांकडून विकत आणले (आईनं एक चकली मोडून कान लावला, मोहन बरं आहे म्हणाली). करंज्या, दुपारचं जेवण आणि भांडी माझ्याकडे. बायको जुना ड्रेस घालून सकाळी दहाला खाली गेली.

वर मला करंज्यांतून काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. आधी बायको सूचना देत होती: हे इथे ठेव, कपडे सांभाळ. मग सूचना थांबल्या. मग दोघींचं खिदळणं, आणि इतका मोठा धप्प आवाज की मी गॅलरीत धावलो. पोतं उलटलं होतं. बायको मातीत बसली होती, लेक तिच्या मांडीवर, आणि दोघी मिळून एक बोगदा खणत होत्या. राजगडाच्या चोर दरवाजातून निघून सेक्रेटरीकाकांच्या स्कूटरखाली जाणारा. नकाशात नाही, इतिहासात नाही. काका स्वतः बाजूला उभे राहून "डावीकडे घ्या, स्टँड लागेल" असं सांगत होते.

जेवायला त्या तीन वाजता आल्या. वरण गार झालं होतं, पुन्हा तापवलं. पावलं पुसली मी.

20 ऑक्टोबर, सोमवार, नरक चतुर्दशी

पहाटे अभ्यंगस्नान, उटणं, कारीट फोडणं. मग उजाडायच्या आत गडावर पणत्या. शेजारच्या इमारतीतली मुलं बघायला आली. लेकीनं तिकीट लावलं: एक लाडू. गंमत म्हणून नव्हे, खरंच वसूल केला. नेढ्यातल्या बाईबद्दल एकानं विचारलं, ही कोण? "तिला आज सुट्टी आहे."

23 ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

माझी बहीण आली. तिनं पंख्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. आई बोलली: "पंखा बघू नकोस, खाली जाऊन किल्ला बघ."

2 नोव्हेंबर, रविवार

गड उतरवला. अळीव पिवळा पडून आडवा झाला होता. माती: दोन पोती आमच्या कुंड्यांना, एक पोतं तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या तुळशीला, उरलेली कंपाउंडच्या कडेला पसरली. गोणपाट धुऊन वाळत. विटा साइटवर परत. चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात. बिनडोक्याचा मावळा खोक्यात जायला तयार नाही, तो तिच्या दप्तरात आहे.

शिल्लक कामांचा आढावा: पंखे पुसले. जाळ्या पावसाच्या एका सरीनं बऱ्यापैकी धुतल्या. ग्रिलला रंग उन्हाळ्यात. पडदे धुतले, मी. माळ्याचा विषय कुणी काढलेला नाही.

पुढच्या रविवारी माय-लेकींचं काहीतरी ठरलं आहे; मला सांगायचं नाही असंही ठरलं आहे. माझ्याकडे दिलेली यादी: कणीक, भाजी, दोन्ही वेळचं, इस्त्री, आईच्या गुडघ्यांचं तेल आणणे. आणि पाइप. सिंधुदुर्गाला लागेल म्हणून जुना पाइप टाकायचा नाही.